क्वांटम भौतिकी आणि सृष्टिकर्त्यावरील श्रद्धा: दोन वाटांची तुलना

नाशिकमध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला ख्रिस्ती विद्यार्थी आठवडाभर श्रोडिंगरचे समीकरण, म्हणजे अणूसारख्या सूक्ष्म कणांची स्थिती काळानुसार कशी बदलते हे सांगणारा क्वांटम भौतिकीचा मूळ नियम, सोडवतो आणि रविवारी शरणपूरच्या उपासनेत सृष्टिकर्त्या देवावरील विश्वास कबूल करतो. या दोहोंचा मेळ घालण्याच्या ज्या दोन वाटा त्याच्यापुढे येतात, त्यांत निवड करावी लागते.

पहिली वाट अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आणि एपिस्कोपल धर्मगुरू विल्यम पोलार्ड यांनी १९५८ साली मांडली. किरणोत्सारी अणू नेमका केव्हा फुटेल हे नियम सांगत नाही, फक्त संभाव्यता सांगतो. त्या मोकळ्या जागेत, नियम न मोडता, देव निवड करतो. बायबलमधील नीतिसूत्रांत पदरात टाकलेल्या चिठ्ठ्यांचा निर्णय देवाकडून होतो असे म्हटले आहे, त्याची आठवण व्हावी असाच हा विचार आहे. मात्र श्रोडिंगरचे समीकरण स्वतः पूर्ण निश्चित असून, यदृच्छेचा, म्हणजे योगायोगाचा, प्रश्न मोजमाप करतानाच उद्भवतो, आणि भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत तर मूलभूत यदृच्छा उरतच नाही. म्हणजे श्रद्धा क्वांटम सिद्धांताचा अर्थ लावण्याच्या अनेक पद्धतींपैकी एकीकडे गहाण पडते.

दुसरी वाट मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसची: देव हे आद्यकारण, निसर्गनियम ही दुय्यम कारणे, आणि दोन्ही आपापल्या पातळीवर पूर्ण. द्राक्षबागाईतदार एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी स्वतः करतो, तरी घड देवाने दिला असेच म्हणतो. देवाचा हात नेमका कोणत्या छाटणीत होता, हे तो शोधत बसत नाही. बेल्जियमचे धर्मगुरू आणि विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली ‘नेचर’मध्ये विश्वाचा आरंभ एकाच क्वांटममधून, म्हणजे ऊर्जेच्या एकाच अविभाज्य पुंजातून, झाला असावा, असे सुचवले, तरीही १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या विज्ञानाला निर्मितीच्या श्रद्धेचा आधार केले, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांची सावधगिरी मला मोलाची वाटते. ‘विश्व शून्यातून आपोआप झाले’ या दाव्यालाही इथेच उत्तर मिळते, कारण या दाव्यातले शून्य म्हणजे क्वांटम निर्वात, आणि त्यात क्षेत्रे, ऊर्जा आणि नियम असतात, तर धर्मशास्त्रातील शून्यात यांपैकी काहीच नसते.

दोन्ही विषयांना पूर्णपणे वेगळे ठेवण्याची तिसरी सोय आहे, पण तिने मेळ साधत नाही.

प्रश्न निर्मितीचा असेल, तर दुसरी वाट निःशंकपणे घ्यावी. अवकाळी गारपिटीच्या रात्री केलेल्या प्रार्थनेचे देव काय करतो, हे मात्र ती पुरेसे सांगत नाही; तो प्रश्न ज्याला छळतो, त्याने पोलार्ड जरूर वाचावा, फक्त बोमचा आक्षेप शेजारी ठेवून.