निटिंग मशीनवरच्या प्लेट्स: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी ४.५ मिमी गेजच्या (म्हणजे दोन सुयांमधलं अंतर), २०० सुयांच्या पंच कार्ड मशीनवर प्लेट्सचा पहिला स्कर्ट विणायला घेतला. आतापर्यंत चार झाले. माझं मत आता पक्कं आहे: घडीची रेघ विणतानाच पडली पाहिजे. साधं कापड विणून मागाहून इस्त्रीने पाडलेल्या लोकरीच्या प्लेट्स पहिल्याच धुण्यात गेल्या.

एका बेडवरची, म्हणजे सुयांच्या एकाच रांगेवरची, रीत अशी. एका घडीच्या जागी सुई रिकामी ठेवायची. तिथे नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी पडते आणि कापड आत वळतं. दुसऱ्या घडीची सुई चालू ठेवायची, पण एक ओळ सोडून एक ओळ विणू द्यायची. मशीन ‘स्लिप’वर, म्हणजे टाका न विणता सोडण्याच्या सेटिंगवर, असताना कार्डात छिद्र असेल तर सुई विणते, नसेल तर टाका तसाच राहतो. म्हणून कार्डभर छिद्रं पाडायची आणि त्या एका उभ्या रांगेत एकाआड एक. तिथले टाके लांबट होऊन सुलट बाजूला कण्यासारखे उठतात, कापड बाहेर दुमडतं.

खरा घोळ मोजमापात झाला. कार्डाची नक्षी दर २४ सुयांनी पुन्हा येते, तेव्हा प्लेटही त्यातच बसवायला हवी. आधी दोन घड्यांमध्ये १२-१२ सुया ठेवल्या, तर बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं कापड झालं. एका अंगाला पडणारी प्लेट काही मिळेना. मग १६-८ केलं. कापड १६ सुया पुढे जातं, ८ मागे येतं, म्हणजे दर प्लेटमागे ८ सुयाच सरकतं आणि सगळीकडे तीन थर येतात. १९२ सुयांत आठ प्लेट्स. माझ्या धाग्याचे १० सेंमीत ३० टाके बसतात, म्हणजे सपाट ६४ सेंमी आणि घडी पडल्यावर जेमतेम २१. कमरेला असे तीन पट्टे लागले. हा हिशेब आधी न केल्यामुळे पहिल्या स्कर्टचा धागा तिसऱ्या पट्ट्यात संपला.

रिबर, म्हणजे समोर जोडायचा सुयांचा दुसरा बेड, असेल तर तोच वापरा. दोन्ही बेडच्या सगळ्या सुया चालू, एका घडीला पुढची एक सुई कमी, पुढच्या घडीला मागची एक. कार्ड नको, आणि घडी इतकी नेमकी पडते की कापड बेडवरून उतरतानाच मिटायला लागतं. पिच, म्हणजे दोन बेडच्या सुया एकमेकींसमोर कशा येतात ते ठरवणारी कळ, ‘एच’वर आहे ना, हे आधी बघा; ‘पी’वर सुया समोरासमोर येऊन आपटतात. टेन्शनचा (टाक्याच्या मापाचा) आकडाही उतरवावा लागतो: साध्या विणीत ७ वर चालणारा धागा मी इथे ४ वर घेते. कापड खाली ओढणारी वजनं कडेपर्यंत सारखी लावा, नाहीतर कडेचे टाके सुईवरच साचतात.

लोकरीचा स्कर्ट धुवून सुकला की प्लेट्स आपल्या जागी परत येतात. ॲक्रिलिकचा मी कच्च्या टाक्यांनी बांधून वरूनच वाफवते. एकदा इस्त्री टेकली, आणि तेवढा भाग कायमचा लुळा पडला. सुतीचा स्कर्ट तिप्पट कापडाच्या वजनाने टांगल्या जागी दोन महिन्यांत चार सेंमी लांबला. आता सगळेच घडी करून ठेवते.

कमरेची पट्टी मशीनवर घ्यायचा हट्ट मी सोडला. एका सुईवर तीन थरांचे टाके चढवले की सुईच्या आकड्याची झडप (लॅच) मिटत नाही. कच्चे टाके घालून पट्टी हातानेच शिवते, एका स्कर्टला एक संध्याकाळ जाते.