माहेश्वरी उद्यान ते पाच उद्याने: माटुंगा-दादरच्या बागांची पायी फेरी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सत्तरी ओलांडलेल्या आईला बरोबर घेऊन मी माटुंगा आणि दादर पारशी कॉलनीतील लहान बागांच्या पायी फेरीत सहभागी झाले. निसर्गप्रेमींच्या एका गटाने आखलेली ही फेरी सकाळी साडेसहाला माहेश्वरी उद्यानापाशी सुरू होते आणि मध्ये थांबत थांबत, जेमतेम तीन किलोमीटर चालून, नऊच्या सुमारास पाच उद्यानांपाशी संपते. शुल्क माणशी ३०० रुपये होते.

माहेश्वरी उद्यानाला जुने रहिवासी अजूनही किंग्ज सर्कलच म्हणतात. तिथे उभे राहून आमच्या मार्गदर्शकांनी झाडांकडे वळण्याआधी या वस्तीची जन्मकथा सांगितली, आणि मला वाटते, या फेरीचे खरे मोल त्या पंधरा मिनिटांत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसे मेली, आणि त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने शहराच्या तेव्हाच्या वेशीवर दादर-माटुंग्याचे हे उपनगर आखायला घेतले. मोकळी हवा हे त्या आखणीचे उद्दिष्टच होते, म्हणून येथील बागा घरे बांधून उरलेल्या तुकड्यांवर केलेल्या नाहीत. हे एकदा समजले की पुढचा प्रत्येक रुंद पदपथ वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

त्यानंतरचा टप्पा तुळपुळे उड्डाणपुलाखालील नानालाल डी. मेहता उद्यानाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाच्या मधोमध, पुलाच्या सावलीत, २०१६ मध्ये खुली झालेली ही सुमारे ६०० मीटर लांबीची चिंचोळी बाग आहे. तिची पायवाट नर्मदेच्या प्रवाहाप्रमाणे वळणे घेत जाते. कल्पना सुंदर आहे, परंतु दोन्ही बाजूंच्या वाहनांच्या आवाजात मार्गदर्शकांचे बोलणे मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हते. आम्ही तीस जण होतो. एवढ्या लोकांसाठी ध्वनिवर्धक तरी हवा, नाहीतर पंधरांहून अधिक नावे नोंदवूच नयेत.

दादर पारशी कॉलनीत शिरल्यावर मात्र कोणतीच तक्रार उरली नाही. मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी न्यासाकडून १०३ भूखंड राखून घेतले आणि कोणत्या रस्त्याला कोणती झाडे लावायची इथपर्यंत वस्तीचा आराखडा तयार केला. इमारती दोन मजल्यांहून उंच नसाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. कॉलनीला भिंत किंवा कुंपण नाही, त्यामुळे तुम्ही-आम्ही कोणीही तिच्या सावलीतून चालू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोनमोहर ऐन बहरात होता आणि रस्त्यावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला होता. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी कशी मिटतात, हे सांगताना मार्गदर्शकांनी एक डहाळी हातात दिली. आई ती घरापर्यंत घेऊन आली.

पाच उद्याने ही एकाच चौकाभोवती पसरलेली पाच वेगवेगळी हिरवी दालने आहेत. एकीकडे मुलांचा खेळ, दुसरीकडे चालणाऱ्यांच्या फेऱ्या, बाकांवर वृत्तपत्र उघडून बसलेली ज्येष्ठ मंडळी, आणि हे सर्व एकाच वेळी, एकमेकांना अडथळा न होता चालते. येथे अर्धा तास नुसते बसायला मिळायला हवे होते. प्रत्यक्षात उशीर झाल्यामुळे पाचांपैकी दोनच उद्याने धावत्या पावलांनी दाखवली गेली आणि पत्रकात छापलेली नप्पू बाग तर पूर्णपणे वगळण्यात आली. शुल्क आगाऊ घेतलेले असताना असे होणे योग्य नाही. वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे हेही कोणी सांगितले नव्हते, आणि ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही माहिती अत्यावश्यक असते.

तरीही माझी शिफारस आहे. रस्ते सपाट आहेत, जवळपास सर्व वाट सावलीत आहे, आणि सांगणाऱ्यांचे ज्ञान पुस्तकी नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा, घोळक्यात पुढे उभे राहा, आणि फेरी संपल्यावर लगेच न निघता उरलेली तीन उद्याने आपापली पाहून घ्या. आम्ही तेच केले, आणि घरी पोहोचायला अकरा वाजले.