पहिलीच लांबची मोटरसायकल मोहीम, तीही मदतनिधीसाठी : लेह, कन्याकुमारी की हेमलकसा?

गाडी शिकून जेमतेम वर्ष झालंय, पण तुमच्या मनात एक बेत पक्का होत चाललाय : मोटरसायकलवर लांब जायचं आणि त्या निमित्ताने एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे उभे करायचे. असा बेत करणारा बहुतेक जण सर्वांत आधी विचारतो, "गाडी कोणती घेऊ?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पैसे कुणासाठी, हा पहिला. रस्ता कोणता, हा दुसरा. गाडीचं उत्तर या दोन्हींतून आपोआप निघतं. क्रम उलटा केला, तर नवख्या हातात गरजेपेक्षा जड गाडी येते, तिला साजेसा म्हणून झेपणार नाही असा रस्ता निवडला जातो, आणि ज्यांच्यासाठी निघालो ते काम फ्लेक्सवरच्या एका ओळीपुरतं उरतं.

पुण्याहून निघणारा माणूस डोळ्यासमोर ठेवून तीन मार्ग शेजारी-शेजारी मांडतो. मुंबई-नाशिककरांना अंतरं थोडी बदलून घ्यावी लागतील, बाकी हिशेब तोच.

लेह

नाव सगळ्यांत मोठं. लेहला निघालोय म्हटलं की लोक लगेच फोटो मागतात, आणि निधीच्या दृष्टीने ते उपयोगाचंही असतं. पण पुण्याहून दिल्ली-मनालीमार्गे लेह हे एका बाजूचं अंतरच अडीच हजार किलोमीटरच्या घरात जातं. मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुला असतो. वाटेत बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि पाच हजार तीनशे मीटरच्या आसपासचा तांगलांग ला या खिंडी ओलांडाव्या लागतात. लाहौलमधल्या तांडीच्या पंपानंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर पेट्रोल पंपाचा भरवसा धरता येत नाही. शिवाय बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. रोज देणगीदारांना खबरबात द्यायची असेल तर हे आधी ठाऊक असलेलं बरं.

खरी अडचण मात्र रस्त्याची नाही, उंचीची आहे. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारा गडीसुद्धा मनाली-लेह वाटेवरच्या सरचूच्या तंबूत डोकं धरून बसू शकतो. श्रीनगर-कारगिलकडून चढण हळूहळू येते, म्हणून नवख्याने त्या बाजूने जावं आणि लेहला पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस फक्त विश्रांती घ्यावी. रेल्वेच्या पार्सलने गाडी दिल्लीपर्यंत किंवा त्यापुढेही पाठवता येते (टाकी रिकामी करून द्यावी लागते). तेवढं केलं तर मैदानातला उन्हाचा टप्पा वाचतो.

पहिल्या मोहिमेसाठी मी लेह सुचवणार नाही. वाळू, बर्फाच्या पाण्याचे ओढे, थंडीने बधिरलेली बोटं आणि पुरेसा प्राणवायू न मिळालेलं डोकं, या सगळ्यांशी एकाच वेळी झगडताना निधीचं काम करायला माणसात काही उरतच नाही.

कन्याकुमारी

सुमारे दीड हजार किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूरू, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. जवळजवळ सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग. पंप, गॅरेज, जेवण, लॉज, सगळं हाताशी. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोलही नाही. रोज तीनशे किलोमीटर धरले तर पाच दिवसांत आरामात पोचता येतं, आणि थकलोच तर थांबायला पुढचं गाव कधी फार लांब नसतं.

पण महामार्ग सोपा म्हणून तो निर्धोक, असं नवखे समजतात तेव्हा मला काळजी वाटते. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. भरधाव बस बाजूने गेली की हवेचा झोत गाडी ओढतो. उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर आणि दुभाजकातून अचानक निघणारी दुचाकी ही रोजची गोष्ट आहे. तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदलच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात आडवा वारा इतका जोराचा असतो की हलकी गाडी लेनमध्ये ठेवायला दोन्ही हात घट्ट लागतात. तिथे वेग कमी आणि सॅडल बॅग सुटसुटीत, एवढंच करता येतं.

निधीच्या दृष्टीने या मार्गाला एक वेगळं बळ आहे. कन्याकुमारीचं विवेकानंद शिलास्मारक अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी उभं केलं आणि त्यासाठी देशभरातल्या सामान्य माणसांकडून एकेक-दोनदोन रुपये जमवले. १९७० साली ते पूर्ण झालं. छोट्या देणग्यांची मोहीम काढायची असेल, तर शेवटचं ठिकाण म्हणून याहून साजेसं काही मला सुचत नाही. उणीव एवढीच की तुमची संस्था बहुधा त्या वाटेवर नसते. तुम्ही समुद्राकडे जाता आणि काम मागे तुमच्या गावात असतं.

आनंदवन आणि हेमलकसा

माझा कौल या मार्गाला आहे, आणि तो का, हे जरा सविस्तर सांगतो.

पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, वणी आणि वरोरा. इथवर साधारण सातशे किलोमीटर. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. पुढे चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली आणि मग जंगलातून भामरागडच्या दिशेने हेमलकसा. १९७३ साली तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना आणि शाळा उभी केली, आणि २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सगळं मिळून एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या आत-बाहेर.

एकच मार्ग, पण तो टप्प्याटप्प्याने अवघड होत जातो. आधी सवयीचा चौपदरी रस्ता, मग दुपदरी राज्य रस्ते, शेवटी जंगल. नवख्याला हात बसवायला वेळ मिळतो. भाषा आपलीच, म्हणून गाडी बंद पडली तरी मेकॅनिकला "क्लच प्लेट घसरतेय बहुतेक" हे सांगायची अडचण नाही. तब्येत बिघडली तर १०८ ला फोन केला की मराठीत बोलता येतं. आणि ज्या कामासाठी पैसे जमवले, ते काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. परत येऊन देणगीदाराला त्या दवाखान्याबद्दल सांगताना जो खरेपणा येतो, तो समुद्रासमोरच्या फोटोत येत नाही.

काही गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही. मोबाइलच्या नकाशात वाहन म्हणून दुचाकी निवडली नाही, तर तो तुम्हाला थेट समृद्धीच्या टोलनाक्यावर नेऊन उभं करेल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. तेव्हा पहाटेचं धुकं असतं, वाटेत कापसाच्या गाड्या आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. सूर्य वर आल्यावर निघायचं आणि दिवेलागणीच्या आत थांबायचं. आलापल्लीला टाकी भरून घ्यायची आणि पुढचा जंगलाचा टप्पा दिवसाउजेडीच पार करायचा. मोबाइलला तिथे रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

सर्वांत महत्त्वाचं : दोन्ही ठिकाणी आधी कळवून, होकार मिळाल्यावरच जा. तिथे रुग्ण आणि शाळकरी मुलं राहतात. दहा गाड्यांचा ताफा हॉर्न वाजवत आत शिरणं ही मदत नव्हे.

आता गाडी

नवख्याच्या दृष्टीने सीसीपेक्षा वजन, सीटची उंची आणि टाकी हे तीन आकडे जास्त कामाचे. आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो.

| गाडी | वजन | सीटची उंची | टाकी |
|---|---|---|---|
| पल्सर १५० | सुमारे १५० किलो | ७८५ मिमी | १५ लिटर |
| अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० | सुमारे १६३ किलो | ७३७ मिमी | १३ लिटर |
| एक्सपल्स २०० | सुमारे १६० किलो | ८२५ मिमी | १३ लिटर |
| क्लासिक ३५० | सुमारे १९५ किलो | ८०५ मिमी | १३ लिटर |
| हिमालयन ४५० | सुमारे १९६ किलो | ८२५ मिमी | १७ लिटर |

दीडशे किलोची गाडी आडवी झाली तर बहुतेकांना एकट्याने उचलता येते. जवळपास दोनशे किलोची, वर वीस किलो सामान लादलेली गाडी चिखलात पडली, तर मदतीला कुणीतरी येईपर्यंत वाट पाहावी लागते. उंची कमी असेल तर अ‍ॅव्हेंजरवर दोन्ही पाय जमिनीला टेकतात. उतारावर थांबताना हा भरवसा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोलाचा आहे. लेहला जायचंच असेल तर एक्सपल्स किंवा हिमालयनला अर्थ आहे. कन्याकुमारीच्या महामार्गावर क्लासिकची संथ, भारदस्त चाल सुखाची वाटते. हेमलकशासाठी घरातली १५०-१६० सीसी गाडी पुरते, बशर्ते ती गेले काही महिने तुम्हीच चालवत असाल. तिचा ब्रेक कुठे पकडतो आणि खड्ड्यात ती कशी वागते, हे तुमच्या हाताला ठाऊक असतं. नव्या मोठ्या गाडीवर ते मोहिमेत शिकावं लागेल.

वाचलेले पैसे अंगावर खर्च करा. आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. जॅकेट परवडत नसेल तर मोहीम पुढच्या वर्षी करा.

भाड्याने गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघातात विमा अडकतो. मित्राची गाडी नेणार असाल तर वैयक्तिक अपघात विम्याचं संरक्षण तुम्हाला मिळेल का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. ते संरक्षण मुळात मालक-चालकासाठी असतं. आणि लायसन्स गिअरच्या गाडीचं आहे ना, हेही पाहा. स्कूटरपुरतं लायसन्स इथे चालत नाही.

एकट्याने की गटाने

पहिल्यांदा दोन किंवा तीन गाड्या. एकट्याला पंक्चर आणि ताप दोन्ही जड जातात. दहा जणांच्या ताफ्यात नवखा माणूस इतरांच्या वेगाने गाडी हाकू लागतो, आणि अपघात तिथेच होतात. तिघांत सर्वांत नवखा मधे असावा आणि वेग त्याचा असावा.

पैसे : तुमच्या खात्यात की संस्थेच्या?

या तुलनेत माझ्या लेखी दुसरी बाजूच नाही. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या यूपीआयवर जमा झालेले पैसे कितीही प्रामाणिकपणे पुढे पाठवलेत, तरी देणगीदाराला स्वतःच्या नावाची पावती मिळत नाही आणि ८०-जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची करसवलतही नाही. ती सवलत जुन्या करप्रणालीतच आहे आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात. रस्त्यात डबा फिरवून पैसे गोळा करायचा विचार असेल तर तोच नियम स्वतःला लावा.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल आधीच विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देऊ शकतो. पण न्यू जर्सीतल्या मावशींनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी त्यांची देणगी परदेशी धरली जाते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि त्यासाठीच्या ठरावीक खात्यातच घेता येते. मावशींना चुकीचा खाते क्रमांक पाठवलात तर अडचणीत संस्था येते.

पेट्रोल, जेवण, लॉज हे सगळं स्वतःच्या खिशातून, आणि हे आवाहनाच्या पहिल्या ओळीत लिहा. दोन हजार किलोमीटरला ४५ चं मायलेज देणारी गाडी जवळपास ४५ लिटर पिते, तीसचं देणारी ६७ लिटर. हा फरकही गाडी निवडताना धरा.

निघण्याआधी

आधी शंभर किलोमीटर, मग दोनशे, मग पूर्ण सामान लादून एक मुक्कामी फेरी. सामानासह ब्रेकचं अंतर वाढतं, ते मोकळ्या रस्त्यावर पाहून घ्या. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. चेन सैल-घट्ट करणं, ट्यूबलेसचं पंक्चर काढणं आणि क्लच केबल बदलणं ही तीन कामं गॅरेजमध्ये उभं राहून स्वतःच्या हाताने एकदा करा.

मुक्कामी फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटं, पाठ आणि मन पुन्हा गाडीवर बसायला तयार असतील तर तारीख जाहीर करा. नसतील तर पुढे ढकला आणि देणगीदारांना साध्या शब्दांत तसं कळवा. पैसे तोवर संस्थेकडे पोचलेले असतात, दवाखान्यातल्या औषधांना तुमच्या गाडीसाठी थांबावं लागत नाही.