पेन डिस्प्ले उत्तम, पण निबांचे काय?

गेल्या पावसाळ्याआधी घेतलेल्या या पेन डिस्प्लेच्या, म्हणजे ज्याच्यावर थेट पेनाने चित्र काढता येते अशा पडद्याच्या, रंगांविषयी आणि पेनाचा दाब ओळखण्याच्या ८१९२ पातळ्यांविषयी सगळीकडे भरपूर लिहिले गेले आहे, आणि त्याबाबत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती निबेची, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकाची.

सध्या मी राखणदाराचे, म्हणजे गाव राखणाऱ्या लोकदेवतेचे, चित्र करतो आहे: खांद्यावर कांबळे, हातात काठी आणि भोवती गोव्यातल्या म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात पावसाळ्यात चमकते तशी हिरवट बुरशी, जिच्या उजेडातच त्याचा चेहरा दिसावा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आधी संपूर्ण चित्र करड्या छटांत बसवतो, कारण उजेडाची मांडणी फसली असेल तर रंग ती झाकून टाकतात. मग वेगळ्या लेयरवर रंग आणि शेवटी बुरशीची चमक. इथपर्यंत रुंद ब्रश असल्याने कसलीही निब चालते. खरी कसोटी लागते ती दाढीच्या केसांत आणि कांबळ्याच्या सुटलेल्या धाग्यांत, कारण तिथे दाब हळूहळू सोडत रेघ निमुळती करत न्यावी लागते.

दाब पेनाच्या आत मोजला जातो, निब म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. त्यामुळे ती झिजली तरी रेघ जाड होत नाही. पण पडद्यावरच्या खरखरीत फिल्मने ती तिरकी घासली जाते, तिची कड एकाच दिशेला अडकते आणि नेमकी निमुळत्या टोकाशी रेघ थरथरते. सोबत आलेल्या निबा अशाच संपल्या. सेवा केंद्राच्या सांगण्यावरून पेन स्वखर्चाने मुंबईला कुरियर केले, तर ‘निब झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर आले. हे फोनवरही सांगता आले असते! त्या दिवशी मी दोनच तारे द्यायचे ठरवले होते.

पुढे जुलैच्या दमट हवेत फिल्मच्या कडा सुटू लागल्या, तेव्हा वैतागून ती काढूनच टाकली, आणि मत बदलावे लागले. उघड्या काचेवर निब जवळजवळ झिजत नाही. सुरुवातीला हात घसरतो, पण क्रितातला स्टॅबिलायझर (रेघेतली थरथर कमी करणारी सोय) थोडा वाढवला आणि दाबाचा वक्र मऊ केला, म्हणजे हलक्या दाबालाही रेघ उमटेल असे केले, की दाढीचे केसही नीट उतरतात. घामाने तळवा काचेला चिकटतो, त्यावर दोन बोटांचा हातमोजा पुरतो.

कुरियरचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, म्हणून तारे चारच.