लेबलवरचे ३०००

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना 'या माणसाला एवढंही कळू नये?' असं तुम्ही म्हणणारच आहात. म्हणा. घरातही सगळ्यांनी म्हणून झालंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ७४ वर्षांचे. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन कायमचं, दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याची, तपासणी. त्यात गुडघे गेलेले. ब्रुफेनसारखी गोळी त्यांना चालत नाही, वॉरफेरिनबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. पॅरासिटामॉलवर किती दिवस काढायचे? रात्री दोनला उठून पडवीत बसलेला माणूस बघवत नाही. फसवणाऱ्याला नेमकी अशीच घरं हवी असतात.

शाळेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एक लिंक आली. रविवारी सकाळी झूमवर मोफत सत्र, 'गोळ्यांशिवाय वेदनामुक्ती'. मी थोडा कुत्सितपणेच बसलो होतो. पण समोरच्या 'वेलनेस कोच'ने पहिल्या दहा मिनिटांत मला गार केलं, कारण तो बोलत होता ते खरं होतं. आपल्या शरीरात एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा (ईसीएस) असते, म्हणजे गांजातल्या द्रव्यांसारखे रेणू शरीर स्वतःच बनवतं, खरं. तिचे दोन मुख्य ग्राही (पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागा), सीबी१ जास्त करून मेंदूत आणि सीबी२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर, खरं. १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून या ग्राहींना चिकटणारा रेणू सापडला आणि त्याला संस्कृत 'आनंद'वरून आनंदामाइड नाव दिलं, तेही खरं. मी बाजूला फोनवर तपासत होतो आणि सगळं जुळत होतं. जेरुसलेममधल्या लोकांनी आपला शब्द उचलला म्हटल्यावर माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

मग त्याने एकच वाक्य घुसवलं. "वयानुसार हा आनंद आटतो, आणि आटला की सांधे बोलायला लागतात." पाठोपाठ तपासणी आणि कोर्स.

तपासणीला एक पोरगा घरी आला. अण्णांच्या हातात पितळी दांडी दिली, ती वायरने लॅपटॉपला जोडली, दीड मिनिटात लाल आलेख. 'ईसीएस स्कोअर ३४ टक्के'. याचे १,५०० रुपये. तीन महिन्यांच्या तीन बाटल्यांचे १४,४००. हिरव्या काचेची ३० मिलीची बाटली, पुढे गांजाच्या पानाचं चित्र आणि ठसठशीत '३००० मिग्रॅ हेम्प', म्हणजे भांगेचं झाड. रोज रात्री जिभेखाली सहा थेंब.

पहिल्याच रात्री अण्णा म्हणाले, "याला चवच नाही रे." कोचला विचारलं तर तीच शुद्धतेची खूण निघाली. आठवडाभर अण्णा बरे झोपले. मुलगा आपल्यासाठी धडपडतोय, याने निम्मी झोप आली असावी. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पडवी. मग 'बूस्टर', ४,८०० रुपये. एकूण २०,७००.

दिवाळीत भाची आली, एम.फार्म करते. देवळीत ठेवलेली बाटली तिने उचलली, उलटी केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि विचारलं, "मामा, हे तीन हजार कसले?"

मागे मुंगीच्या अक्षरात होतं: हेम्प सीड ऑइल ३ ग्रॅम, उरलेलं नारळापासून केलेलं एमसीटी तेल. ३००० मिलिग्रॅम म्हणजे ३ ग्रॅम. हे मी पाचवीच्या पोरांना फळ्यावर शिकवतो. आणि ते तीन ग्रॅमही कसलं, तर बियांचं तेल. भांगेच्या झाडातली कॅनाबिनॉइड, म्हणजे त्याची गुण दाखवणारी द्रव्यं, असतात फुलांच्या शेंड्यांवरच्या चिकट केसांत. बियांच्या आत ती जवळजवळ नसतातच, टरफलाला चिकटलेला चीक लागेल तेवढाच. बियांचं तेल खायला चांगलं, ओमेगा-३ आहे, जवसासारखं. पण ज्या सीबीडीच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या कॅनाबिनॉइडच्या, नावाने मी पैसे मोजले, तो शब्द लेबलवर कुठेच नव्हता. कोचही सत्रात फक्त 'हेम्प' म्हणत होता. सीबीडी माझं मीच ऐकलं होतं.

मग तिने ती यंत्रणा मला समजावली, आणि तेव्हा कळलं की 'आटतो' हा शब्दच खोटा होता. मी तिचं म्हणणं माझ्या भाषेत सांगतो. उसाला रात्री पाणी भरताना एक जण पाटाच्या तोंडाशी असतो, दुसरा सरीच्या शेवटाला. सरी भरली की शेवटचा ओरडतो, "भरलं रे, दार मोड!" पाणी खाली जातं, हाक मात्र उलटी वर येते. मेंदूत हेच चालतं. एक पेशी दुसरीला संदेश सोडते, आणि तो फार झाला की घेणारी पेशी तिथल्या तिथे आपल्या आवरणातल्या चरबीपासून आनंदामाइड किंवा त्याचाच भाऊबंद २-एजी बनवून उलट्या दिशेने हाक देते. देणाऱ्या पेशीवरचा सीबी१ ती ऐकतो आणि पाणी कमी करतो. काम झालं की एंझाइम तो रेणू लगेच तोडून टाकतात. साठवण अशी नसतेच. गरज पडली तिथे, तेवढ्यापुरतं. मग ३४ टक्के कशाचे? रक्तातलं आनंदामाइड मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि पळून आल्यावरसुद्धा तो आकडा वाढतो. पितळी दांडीला फार तर अण्णांच्या तळहाताचा घाम कळला असेल. या यंत्रणेच्या 'कमतरते'ची कल्पना काही संशोधकांनी मांडली आहे, अर्धशिशीसारख्या दुखण्यांसाठी, पण ती अजून गृहीतक आहे.

गांज्याने नशा का येते, हे कोडंही यातच सुटतं. त्यातलं नशा आणणारं टीएचसी याच सीबी१ वर बसतं, पण ते पटकन तुटत नाही आणि एका सरीपुरतंही थांबत नाही. शेताच्या मधोमध भोंगा लावून सगळ्या पाटांना "दार मोड, दार मोड" ऐकवत ठेवावं, तसं. म्हणून वेळेचं भान सुटतं, आठवण अडखळते, भूक खवळते. सीबीडी मात्र सीबी१ वर नीट बसतसुद्धा नाही. त्याचे रस्ते वेगळे आहेत, अनेक आहेत. त्याचं शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं ते लहान मुलांच्या दोन दुर्मीळ अपस्मारांसाठी, आणि मात्रा म्हणाल तर ३० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅम. सहा थेंब नव्हेत.

एवढं बोलून ती गप्प झाली आणि एकदम म्हणाली, "नशीब, बाटलीत काही नव्हतं."

मला कळेना. तिने सांगितलं. वॉरफेरिन ज्या यकृतातल्या एंझाइमांकडून मोडलं जातं, त्यांना सीबीडी अडवतं. खरं सीबीडी पुरेशा मात्रेत पोटात गेलं असतं तर वॉरफेरिन रक्तात साचलं असतं, आयएनआर चढला असता. मेंदूत रक्तस्राव व्हायला तेवढं पुरतं. कोचने अण्णांच्या गोळ्या एकदाही विचारल्या नव्हत्या. आणि मीही डॉक्टरांना तेलाबद्दल सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. हे जास्त टोचतं. त्याने पैसे नेले, पण गप्प मी बसलो.

पैसे परत मागायला फोन केला. कोचचा आवाज बदलला. "सर, तुम्ही गांजाचं तेल मागवलंय. शिक्षक आहात ना? तक्रार कुठे करणार?" दोन रात्री मी खरंच घाबरलेलो होतो. मग भाचीने कायदा काढून दाखवला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायच्या बिया आणि पानं त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. बियांचं तेल तर २०२१ पासून अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. म्हणजे त्याने मला कायदेशीर किराणा माल गांजा म्हणून विकला, आणि पुन्हा त्याच गांजाची धमकी दिली! पानांपासूनची खरी आयुर्वेदिक औषधं 'विजया' नावाने मिळतात, पण भांग औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई(१) मध्ये आहे. त्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापावाच लागतो. माझ्या बाटलीवर तो नव्हता, हेसुद्धा मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पावत्या, स्क्रीनशॉट, बाटलीचे दोन्ही बाजूंचे फोटो दिले. पैसे अजून आलेले नाहीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त आयएनआरचा कागद दोनदा बघितला. गुडघ्यासाठी व्यायाम आणि लावायचं मलम लिहून दिलं.

आणि ती झूमची लिंक. सत्र संपल्यावर मी ती आणखी तीन ठिकाणी पुढे पाठवली होती, खाली लिहून, 'मी स्वतः तपासलंय, माहिती खरी आहे.' शिक्षक आहे ना, लोक ऐकतात. काल एकेकाला फोन करत बसलो. दोघांनी बाटल्या घेतल्यात. त्यातल्या एकाच्या आईला वॉरफेरिन चालू आहे. मी त्याला म्हटलं, "आधी बाटली उलटी कर, मागचं वाच." तो म्हणाला, "सर, चष्मा आणतो, थांबा."