तीन चाकांची लाडस्युकेल: कोपनहेगनमधील तीन वर्षांच्या वापरानंतर

गोव्यात फोंड्याला परत आल्यापासून ओळखीच्या तीन कुटुंबांनी मला जवळपास एकाच शब्दांत विचारले आहे: नोकरीसाठी कोपनहेगनला जायचे ठरले आहे, पदरात दोन लहान मुले आहेत, तर तिथे मोटार घ्यावी का? माझे उत्तर असे की मोटारीचा विचार सोडावा आणि पहिल्या पगारातून नाही जमले तरी दुसऱ्या-तिसऱ्या पगारातून पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल घ्यावी. आम्ही ती तीन वर्षे रोज वापरली. तिचे गुण मनापासून सांगते आणि तिने दिलेला त्रासही सांगते, कारण तो आधी कळला असता तर आमचा पहिला हिवाळा बराच सोपा गेला असता.

डॅनिश भाषेत तिला लाडस्युकेल म्हणतात. लाड म्हणजे माल ठेवण्याचा सपाट तळ, ट्रकचा हौदा असतो तसा. बोलताना त्यातला ड जिभेवरच विरघळतो. आमच्या थोरलीने पहिल्याच दिवशी तिचा अर्थ लाडाची सायकल असा लावला आणि घरात तेच नाव राहिले. पुढे दोन चाके, त्यांवर प्लायवूडची पेटी, पेटीत आडवे बाक, बाकाला दोन मुलांसाठी पट्टे, आणि वर रिक्षाला असतो तसा टप, ज्याला पारदर्शक खिडक्या असतात. चालवणारा मागे एका चाकावर बसतो. आमच्या गाडीच्या पेटीची क्षमता 100 किलो होती आणि रिकामी गाडीच 40 किलोच्या घरात भरत होती. सातही गिअर मागच्या चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबच्या आत बंद असल्यामुळे पाऊस आणि चिखल त्यांच्यापर्यंत पोचत नसे, आणि सिग्नलला थांबल्या जागीच गिअर बदलता येत असे. जड गाडी पुन्हा सुरू करताना या एका सोयीचे मोल फार आहे.

या प्रकारच्या गाडीचे मूळ कोपनहेगनमधल्याच क्रिस्तियानिया या वस्तीत आहे. 1971 साली वसलेल्या त्या वस्तीत मोटारींना प्रवेश नाही, त्यामुळे सामान आणि मुले वाहून नेण्याची सोय तिथल्या लोकांना स्वतःच करावी लागली. 1984 मध्ये तिथल्या लार्स एंगस्ट्रोम यांनी आपल्या जोडीदार आनी लेर्के यांच्यासाठी अशी तीनचाकी बांधली आणि पुढे तिचे उत्पादनच सुरू झाले. आज अशा आराखड्याच्या गाड्या अनेक कारखाने बनवतात. आमची गाडी कोणत्या कारखान्याची होती ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण सात वर्षे दुसऱ्याने वापरलेल्या गाडीचे दोष बनवणाऱ्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

आता चालवण्याबद्दल. ज्यांना लहानपणापासून सायकल येते त्यांनाच ही गाडी पहिल्या दिवशी अधिक घाबरवते. साध्या सायकलीवर आपण वळणाकडे अंग झुकवतो आणि सायकलही आपल्याबरोबर झुकते. इथे मात्र सगळी पेटी हाताने ढकलून वळवायची असते, गाडी झुकत नाही, आणि वेग जरासा जास्त असला तर वळणाच्या आतल्या बाजूचे चाक जमिनीवरून उचलले जाते. माझे ते पहिल्याच वळणावर उचलले. सुदैवाने तेव्हा पेटीत मुले नव्हती. दहा-दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या पट्ट्यांनी बांधून मी रविवारी एका रिकाम्या वाहनतळावर सराव करत होते. प्रत्येक नव्या चालकाने हेच करावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. तीन-चार रविवार गेले की हात शिकतात: वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही, आणि आपले वजन आतल्या बाजूला टाकायचे.

गाडीइतकाच महत्त्वाचा आहे तो रस्ता. मुख्य रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी पट्टी असते. ती मोटारींच्या रस्त्यापेक्षा एका पायरीएवढी उंच आणि पादचाऱ्यांच्या फुटपाथपेक्षा किंचित खाली असते. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणजे आपल्याकडची सगळी सवय उलटी करावी लागते. थांबताना हात वर करायचा, आणि डावीकडे वळायचे असेल तर मधल्या मार्गिकेत घुसायचे नाही. आधी सरळ चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे, आणि मग दुसऱ्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की निघायचे. नोरेब्रोगेड या गर्दीच्या रस्त्यावर तर ताशी 20 किलोमीटरचा वेग राखला की सकाळी शहराकडे जाताना सिग्नल एकामागून एक हिरवे मिळत जातात. भरलेल्या पेटीसह मला तो वेग क्वचितच साधला, पण मागून येणारे घंटी वाजवून डावीकडून निघून जात आणि माझ्या संथपणाबद्दल कोणी कधी डोळे वटारले नाहीत.

आम्ही राहायचो इस्लांड्स ब्रुग्गे या बंदराकाठच्या भागात आणि मुलांची बालवाडी होती बंदरापलीकडे वेस्टरब्रोमध्ये. वाटेत ब्रुग्गेब्रोएन हा फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी असलेला पूल लागतो, आणि त्याला जोडूनच 2014 मध्ये उघडलेला स्युकेलस्लांगेन, म्हणजे सायकलींचा साप. नारिंगी पृष्ठभागाचा हा वळणदार उन्नत मार्ग पाण्याच्या कडेवरून हळूहळू चढत जातो. तो होण्यापूर्वी इथे सायकल हातात घेऊन जिन्याने जावे लागे. चाळीस किलोची गाडी आणि दोन मुले घेऊन त्या जिन्याची कल्पनाही करवत नाही. चढ सौम्य आहे, तरीही मुले वाढत गेली तशी तिसऱ्या वर्षी त्या चढावर माझी दमछाक होऊ लागली. ज्यांचे घर आणि शाळा यांच्यामध्ये असा चढ आहे त्यांनी बॅटरीची गाडी घ्यावी. युरोपातील नियमानुसार तिची मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंतच साथ देते, आणि या कामाला तेवढी साथ भरपूर झाली.

डिसेंबरमधली एक सकाळ सांगते. पावणेआठ वाजले तरी बाहेर काळोख. थोरलीला आणि धाकट्याला आधी लोकरीचे कपडे, मग अंगभर येणारा फ्लुवरड्राग्ट, म्हणजे सलग शिवलेला जाड थंडीचा पोशाख, मग हातमोजे, असे सगळे चढवून पेटीत बसवायचे. पायांवर गोधडी घालायची, जी माझ्या आईने जुन्या नऊवारींची शिवून दिली होती. टप ओढला की आत दोघांच्या श्वासाने खिडक्यांवर वाफ धरे आणि थोरली त्या वाफेवर बोटाने अक्षरे काढी; रोमन आणि देवनागरी एकत्र. बर्फ पडला असेल तर महापालिकेची छोटी यंत्रे सायकलपट्टीवरून आधीच फिरून मीठ टाकून गेलेली असत. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा अंधार पडल्यावर कायद्याने आवश्यक आहे. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मुलांना आणताना पुन्हा दिवे लावूनच यावे लागे.

आणि तरीही बालवाडीच्या वाटेवरच्या त्या पंचवीस मिनिटांची मला आज सर्वांत जास्त आठवण येते. मुले माझ्या पुढे, डोळ्यांसमोर, हात लांब केला तर टपाला लागेल इतक्या अंतरावर असत. बालवाडीत काय झाले, कोणी कोणाला ढकलले, डॅनिशमध्ये मुंगूस कशाला म्हणतात, हे सगळे बोलणे त्या वाटेवर झाले. परक्या देशात पहिल्या वर्षी मुलांच्या मनात काय चालले आहे हे आईला कळणे सोपे नसते. आम्हाला ते या पेटीमुळे कळले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई म्हार्दोळहून दोन महिन्यांसाठी आल्या. मुलांच्या पेटीत बसायला त्या आधी तयार नव्हत्या. एकदा बंदराकाठी बराच वेळ चालून गुडघे दुखायला लागले तेव्हा बसल्या, छत्री उघडून मांडीवर पर्स ठेवून. घरी आल्यावर म्हणाल्या, "अगो, पायलटाच्या मागे जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे." पायलट म्हणजे आपल्याकडचा मोटारसायकल टॅक्सीवाला; त्याच्या मागे बसून त्यांनी आयुष्यभर बाजार केला आहे, तेव्हा त्यांच्या या तुलनेला मी मान देते. त्यानंतर किराणा आणायला त्या स्वतःहून येऊ लागल्या, आणि परत येताना पाच किलोची कणीक आणि बटाटे त्यांच्या पायाशी राहत.

दोष सांगायचे तर पहिला वाऱ्याचा. कोपनहेगन सपाट आणि समुद्रकाठी आहे, वारा अडवायला काही नाही, आणि उभारलेला टप शिडासारखा वागतो. समोरून वारा असला की पहिल्या गिअरवरही घाम फुटतो. बाजूने झोत आला तर पुलावर गाडी सरकल्यासारखी वाटते. मुले पेटीत नसतील तेव्हा टप खाली दुमडून ठेवावा.

दुसरा लाकडाचा. आमच्या पेटीच्या खालच्या कडांवरचे रंगाचे आवरण गेलेले होते, घेताना ते आमच्या लक्षात आले नाही, आणि पहिल्याच पावसाळी शरदात तिथे पाणी मुरून प्लायवूडचे पदर फुगले. तिसरा मिठाचा: रस्त्यावरचे मीठ साखळी खाते. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला गंज नवा नाही, पण पणजीत दोन वर्षांत चढणारा गंज तिथे सहा आठवड्यांत चढतो. दर शनिवारी कोमट पाण्याने साखळी पुसून तेल द्यावे.

सर्वांत मनस्ताप झाला तो विक्रेत्याचा. ज्या दुकानातून आम्ही गाडी घेतली तिथे ब्रेक नुकतेच बदलले आहेत असे तोंडी सांगण्यात आले होते; तिसऱ्या आठवड्यात स्युकेलस्लांगेन उतरताना पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची तार पूर्ण सैल पडली. मी पायाने गाडी आवरली. कोणाला लागले नाही, पण त्या दिवशी मी मुलांना खाली उतरवून उरलेली वाट चालत नेली. दुकानदाराने पावतीवर तसे लिहिलेले नाही म्हणून हात वर केले. तेव्हा जे सांगितले जाईल ते पावतीवर लिहून घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वी त्रयस्थ स्युकेलस्मेडला गाडी दाखवावी. स्युकेलस्मेड म्हणजे शब्दशः सायकल-लोहार. असे दुकान जवळपास प्रत्येक वस्तीत आहे. आमच्या गल्लीतल्या वयस्कर कारागिराने दोन्ही तारा बदलल्या, पेटीच्या कडा घासून त्यांवर वॉर्निश दिले, आणि हिवाळ्यात टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवायला शिकवले. त्याच्याशिवाय ही गाडी तीन वर्षे टिकली नसती.

किमतीचे म्हणाल तर आम्हाला जुनी गाडी 9,000 क्रोनरला पडली. नव्या बिनबॅटरीच्या गाडीला त्याच्या जवळपास दुप्पट लागते आणि बॅटरीची त्याहून बरीच महाग असते. तरीही मोटारीपुढे हे काहीच नाही, कारण डेन्मार्कमध्ये मोटारीच्या नोंदणी कराचा वरचा टप्पा 150 टक्क्यांचा आहे. घेण्यापूर्वी आपल्या इमारतीच्या चौकाचे फाटक मोजावे. गाडी सुमारे 90 सेंटीमीटर रुंद असते आणि आमच्या शेजाऱ्यांना ती दोन वर्षे रस्त्यावर ठेवावी लागली. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, कारण चोरी झाल्यास पोलीस आणि विमा कंपनी आधी तोच विचारतात, आणि विम्यासाठी कुलूपही मान्यताप्राप्त लागते. हेल्मेटची तिथे सक्ती नाही. आम्ही मुलांना ते कधी काढू दिले नाही.

ही गाडी गोव्याला आणावी का, असेही काहींनी विचारले. आणू नये. आमच्या घराकडचा चढ ती चढणार नाही, आणि बोरीच्या पुलावर ट्रकांच्या शेजारून मुलांना पेटीत बसवून नेण्याची हिंमत मी तरी करणार नाही. दिवाडीसारख्या बेटावर फेरीबोटीने नेऊन चालवता येईल, एवढेच. आपल्याकडे सायकलीवर ओझे नेण्याची परंपरा मोठी आहे, पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर रोज ती चालवतो. त्याला रस्त्याच्या कडेची एक सुरक्षित पट्टी मिळाली असती तर मी कदाचित वेगळे लिहिले असते.

निघण्यापूर्वी आम्ही गाडी एका नव्याने आलेल्या कुटुंबाला 7,500 क्रोनरला दिली, ब्रेकच्या दुरुस्तीची पावती आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्यांसह. गोधडी मात्र परत आणली. आता थोरली शाळेत जाताना स्कूटरवर माझ्या पुढे उभी राहते, आणि काही सांगायचे झाले की मान वळवून माझ्याकडे बघायला लागते. मला तिला दर वेळी पुढे बघ म्हणून सांगावे लागते.