गोल्ड कार्ड, पुढच्या आठ खुर्च्या आणि मधलं भिवंडी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

विमान कंपन्या सारखं उडणाऱ्यांना देतात ते गोल्ड कार्ड मिळाल्याचा मेल आला तेव्हा मी जेवताना घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता तुझं विमान ओझरहून सुटणार का?" ओझर म्हणजे आमच्या नाशिकचा विमानतळ. नवरा हसला. पण एवढा नेमका प्रश्न पुढच्या दहा महिन्यांत मला कुणी विचारलेला नाही.

मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मार्केटिंग बघते. गिऱ्हाइकं बहुतेक मानेसर, फरिदाबादकडची, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी मुंबई-दिल्ली-मुंबई ठरलेलं, कधी दोनदा. तिकीट कंपनीचं, पॉइंट माझे. कार्ड कुठल्या विमान कंपनीचं हे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर वाचणारे त्यावरच भांडत बसतील. नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखे आहेत.

पूर्वी किती मैल उडालात त्यावर दर्जा ठरायचा, आता बहुतेक ठिकाणी किती रुपये मोजलेत त्यावर ठरतो. दोन महिने आधी काढलेल्या स्वस्त तिकिटावर हाताला फारसं काही लागत नाही. "मॅडम, परवा याच" असा मानेसरहून फोन आला की कंपनीला तिकीट दुप्पट पडायचं आणि माझा आकडा भराभर वर जायचा. माझं गोल्ड हे आमच्या गिऱ्हाइकांच्या बेशिस्तीचं फळ आहे.

सुरुवातीच्या दोन फेऱ्या तर खात्यात जमाच झाल्या नाहीत. चूक माझीच. खातं लग्नाआधीच्या आडनावाने उघडलेलं, आणि ऑफिसचा एजंट आधार कार्डाप्रमाणे माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव अशी सगळी गाडी जोडून तिकीट काढायचा. मग बोर्डिंग पास पाठवा, नाव बदलल्याचा कागद पाठवा. बायकांनी हे आधी तपासून घ्यावं. आणि बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत फेकू नये.

आता उपयोग. एका शब्दात सांगायचं तर सामान. लाउंज, आधी चढणं, "वेलकम बॅक मॅडम" हे सगळं नंतर. इकॉनॉमीत पंधरा किलो, हातात सात किलो, आणि माझ्या बॅगेत कास्टिंगचे नमुने असतात. दोन नमुने आणि चार दिवसांचे कपडे म्हटलं की काटा सरळ वीसच्या पुढे. आधी मी काउंटरसमोर बॅग उघडून साड्या एका पिशवीत आणि लोखंड दुसऱ्या पिशवीत असा संसार मांडून बसायचे, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरून त्याची पावती अकाउंट्सला समजावत बसायचे. गोल्डवर जादा किलो मिळायला लागले आणि हे थांबलं. फेब्रुवारी-मार्चात गिऱ्हाइकांना द्राक्षं नेते, त्या पेट्याही याच वजनात. मानेसरच्या परचेस मॅनेजरला माझं नाव आठवत नाही, "नासिक के अंगूरवाली मॅडम" आठवतात.

बॅगेला लावतात तो प्रायॉरिटीचा टॅगसुद्धा मुंबईत खरोखर चालतो. पट्ट्यावर बॅग दहा-पंधरा मिनिटं आधी येते. पुण्याच्या माणसाला यात काही वाटणार नाही. नाशिकच्या माणसाला त्या पंधरा मिनिटांची किंमत भिवंडीला कळते. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, कसाऱ्याचा घाट जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून टळला, पण आमणेच्या पुढे भिवंडी आणि ठाणं टळत नाही. संध्याकाळी ट्रक रस्त्यावर येण्याआधी निसटलो तर घरी जेवायला, नाहीतर दोन तास तिथेच.

लाउंजचं फार कौतुक नको. क्रेडिट कार्डावर दोन रुपये कापून आत जाता येतं हे सगळ्यांना कळल्यापासून सकाळच्या वेळी बाहेर एस. टी. स्टँडसारखी रांग असते. गोल्डवाल्यांना वेगळ्या बाजूने सोडतात, पण आत गेल्यावर खुर्ची शोधायला सगळे सारखेच. एकदा तिथे मिसळ ठेवलेली दिसली म्हणून घेतली. नाशिककरांनी घेऊ नये.

आता बिझनेस क्लास. दहा महिन्यांत चार वेळा बसले. तीनदा पॉइंट आणि व्हाउचर वापरून, एकदा इकॉनॉमी भरली होती म्हणून कंपनीच्या पैशाने. आपल्याकडच्या लहान एअरबसमध्ये पुढे आठ किंवा बारा खुर्च्या, दोन-दोनच्या. खुर्ची रुंद, पाय लांब करता येतात, ओला गरम रुमाल, काचेच्या ताटलीत जेवण. युरोपातल्या छोट्या प्रवासात तर एवढंही नसतं, तीच तीन-तीनची रांग असते आणि मधली खुर्ची रिकामी ठेवून त्याला बिझनेस म्हणतात. त्या मानाने आपलं बरंच बरं.

पण हिशेब करा. मुंबई-दिल्ली सव्वादोन तास. वर जाईपर्यंत वीस मिनिटं, उतरण्याआधी अर्धा तास आवराआवर, मध्ये जेवण. निवांत म्हणावा असा वेळ तासभर. आणि नाशिकहून पहाटे तीनला निघून एर्टिगात अंग मोडून घेतल्यावर हा तासभर ऐसपैस बसायचे पंधरा-वीस हजार जास्त. त्याच पैशात मी मुंबईपर्यंत चांगली गाडी करून मागे झोपून जाईन, उरलेल्यात रात्री विमानतळाजवळ मुक्कामही होईल. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १२ टक्क्यांचा १८ झाला, इकॉनॉमीवर ५ टक्केच आहे. कंपनीचं तिकीट असेल तर जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच घाला, नंतर घालून घेण्यासाठी फोन करकरून जीव जातो. स्वतःच्या खिशातून मात्र मी या अंतराला बिझनेस कधीच काढणार नाही.

अपग्रेडची, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेसची खुर्ची मिळण्याची, एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. ऑक्टोबरात आमचे साहेब आणि मी एकाच विमानाने. मी महिनाभर आधी व्हाउचर लावून विसरून गेले होते. गेटवर माझा पास मशीनला लावला, तांबडा दिवा लागला, मुलीने नवा पास छापून दिला. दुसरी रांग. साहेबांची एकवीसावी, मधली खुर्ची. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बसा तिकडे." मुलगी म्हणाली, तसं चालत नाही, नाव माझं आहे. साहेब "बसा बसा मॅडम" म्हणत माझ्या शेजारून मागे गेले, हातात लॅपटॉपची बॅग आणि माझ्याच द्राक्षाच्या मनुकांचा डबा. जेवण आलं, घशाखाली उतरलं नाही. पंधरा दिवसांनी ऑफिसात परिपत्रक निघालं: कंपनीच्या प्रवासातले पॉइंट शक्यतो कंपनीच्याच पुढच्या तिकिटासाठी वापरावेत. 'शक्यतो' हा शब्द एचआरच्या बाईंनी घालून घेतला, त्यांचे आभार. साहेब बरोबर असतील तर अपग्रेड लावू नका.

कार्डाचे सगळे पैसे वसूल झाले ते जानेवारीत, दिल्लीच्या धुक्यात. संध्याकाळचं विमान आधी नऊवर, मग अकरावर, मग रद्द. काउंटरपुढे अडीचशे माणसं. नियम सगळ्यांना सारखेच असतात. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, हे डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात आहे आणि ते एकवीसाव्या रांगेलाही लागू आहे. कार्डामुळे मिळतो तो फक्त रांगेतला नंबर. मी गोल्डच्या वेगळ्या नंबरवर फोन लावला, सात-आठ मिनिटांत दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. बरोबरचा सर्व्हिस इंजिनिअर माझ्याच बुकिंगमध्ये होता, म्हणून त्याचंही झालं. तो वेगळ्या बुकिंगवर असता तर रात्रभर तिथेच बसला असता. तेव्हापासून आमच्याकडे जोडीने जाणाऱ्यांचं तिकीट एकत्रच निघतं.

दर्जा टिकवण्यासाठी वर्षाअखेरीस उगाच एखादी फेरी मारणारे लोक मला भेटलेत. त्यांना एवढंच सांगते, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं आणि त्यांची देशभरातली प्लॅटिनम कार्डं एका रात्रीत नुसतं प्लास्टिक झाली.

आणि ओझर. विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलच्या धावपट्टीशेजारी २०१४ साली नवं टर्मिनल झालं, इंडिगोचं थेट दिल्लीचं विमान आहे, घरापासून पाऊण तास. माझं गोल्ड दुसऱ्या कंपनीचं, तिथे शून्य. तरी मागच्या तीन महिन्यांत, वेळ जुळली तेव्हा, मी तिथूनच गेले. साध्या रांगेत उभी राहून. पहाटे तीनचा गजर नाही, भिवंडी नाही, पाठ दुखत नाही. परिणाम असा की मुंबईच्या फेऱ्या कमी झाल्या, खर्चाचा आकडा भरला नाही आणि एप्रिलपासून मी सिल्व्हरवर येणार.

नमुने आता दोन दिवस आधी कुरिअरने जातात. द्राक्षांचं मात्र अडलं. पंधरा किलोत कपडे धरून दोनच पेट्या बसतात. परवा तीन भरल्या होत्या, घरच्या काट्यावर बॅग साडेअठरा. तिसरी सासूबाईंनी काढून ठेवली आणि म्हणाल्या, "ओझरहून जातेस ना, मग ही इथेच राहू दे."